कचरापेटीतले महादेव

अत्तर लावलेल्या लग्नपत्रिकेचा वास आला की परभणीतलं आमचं पत्रिकांचं दुकान आठवतं, आणि कॉम्प्युटरनं एकही फाईल पुसायला साफ नकार दिला ती दुपारही. आदल्या दिवशीच मी त्यावर लिनक्स या प्रणालीची नवी आवृत्ती टाकली होती. डिस्क इतकी गच्च, की एक वेलांटी वाढवली असती तर स्टेशनापर्यंत धूर गेला असता. जुन्या पत्रिका पुसल्याशिवाय नवी जतन होईना, आणि पोखर्णीहून आलेले वधूपिता समोर बसून म्हणत होते, "भाऊ, पत्रिका आज न्हाई निघाली तर पाव्हण्यांना काय स्वप्नात आवतण देऊ?" पुसायला गेलं की एकच उत्तर: कचऱ्यात टाकता येत नाही. नव्या लिनक्सच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी सगळं उलटंपालटं केलं, तेव्हा दिसलं, कचरापेटीत काही टाकायची परवानगीच कुणीतरी बंद केलीय. "मीच केली," गल्ल्यावर बसणारे, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले माझे काका मागून म्हणाले. "तुझ्या नव्या लिनक्सनं ती पेटी पडद्यावर समोरच मांडली. उघडून बघतो तर आत पुसलेल्या पत्रिकांवरचे महादेवच महादेव! कागदाची पत्रिका आपण नदीत सोडतो, अन् हितं देव कचऱ्यात?" मी शिफ्ट दाबून डिलीट केलं. जुनी पत्रिका पेटीत न जाता थेट नाहीशी झाली. काका पडद्याजवळ वाकले. "म्हंजी, विसर्जन?" "विसर्जनच, काका." वधूपित्यांनी टोपी सावरत घाईघाईनं हात जोडले, आणि त्यांची पत्रिका संध्याकाळच्या आत निघाली. आजही फाईल पुसताना माझा डावा हात शिफ्टवर असतो, आणि डिलीट दाबून झालं की उजवा आपसूक छातीशी जातो.