सूज उतरली तेव्हा

चूक कबूल करायची मला सवय नाही. ही एक मात्र करतो.

मुलगी वारली आणि तिची दीड वर्षाची पोर आम्ही येरवड्याच्या खोलीवर आणली. तेव्हा मी काचेच्या नव्या इमारतीतल्या कॉम्प्युटर कंपनीच्या गेटवर वॉचमन होतो. काडीसारखी पोर महिन्याभरात गालापायांनी गुबगुबीत दिसायला लागली. चहा-पाव मीच भरवायचो. आमच्या घरचं अन्न अंगी लागतं, असं गेटवर येईल त्याला ऐकवलं. मग जुलाब लागले, ते थांबेनात. बायकोने जुन्या रीतीने तिचं खाणं बंद केलं. पोट रिकामं राहिलं की बांधतं म्हणे. पोरीने मान टाकली तशी उचलून सरकारी दवाखान्यात नेली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पावलावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेचना.

"आजोबा, ही भरलेली नाही, सुजलेली आहे. कसदार खाणं मिळालं नाही की पोरांना अशी सूज येते."

आतडी इतकी दुबळी झालीत की एकदम दिलेलं पचत नाही, आणि काहीच दिलं नाही तर पोर राहत नाही, असं त्यांनी सांगितलं. दवाखान्यातलं पातळ दूध, एवढीशी वाटी, दर दोन तासांनी, चमच्याने. जुलाब चालू असले तरी.

मी वॉर्डातच ठाण मांडलं. सुपरवायझरचा निरोप आला, उद्या या नाहीतर येऊच नका. नाही येत, म्हणून कळवलं. गेट उघडायला माणसं पुष्कळ मिळतात.

रोज वजन व्हायचं आणि रोज कमी भरायचं. आधी सुजेचं पाणी उतरणार, हे बाईंनी मला समजावलं होतं. बायकोला पटेना. पोरीचे गाल गेले, फासळ्या दिसायला लागल्या.

"अहो, डोळ्यांदेखत मारताय तिला. घरी चला."

आजूबाजूच्या खाटांवरच्या बायाही तिच्याच बाजूच्या. मी म्हटलं, तिला न्यायची तर आधी मला उचला. आणि चमचा पुढे केला. आतून मीही घाबरलो होतो, पण ते तिला सांगायला मी काही वेडा नाही.

आठवड्याने जुलाब आवरले. दुसऱ्या दिवशी वाटी संपली तशी पोरीने माझ्या हातातला चमचा ओढला आणि भोकाड पसरलं. तोवर ती नुसती कण्हायची. बायको धावत आली.

"भूक लागलीय हो तिला. द्या की अजून एक वाटी."

"दोन तासांनी," मी म्हटलं.

ती तोंड फिरवून बसली. मी मांडी घालून पोरीचं रडणं ऐकत राहिलो. वॉर्डातल्या कुणाला त्रास झाला असेल तर झाला असेल.