भोपाळच्या बस्त्यांमागची पिल्लं

भोपाळपासून वेगळं होऊन नवं राज्य झालं त्या हिवाळ्यात आमचं ऑफिस नव्या राजधानीच्या बूढापारा मोहल्ल्यात, एका भाड्याच्या जुन्या घरात थाटलं होतं. खुर्च्या कमी, माणसं जास्त, आणि भोपाळहून ट्रकने आलेले फायलींचे बस्ते भिंतीला टेकून छतापर्यंत. त्या बस्त्यांमागे एक मांजर व्यायली. तिसऱ्या दिवशी ती बाहेर गाडीखाली येऊन मेली आणि मागे तीन पिल्लं ओरडत राहिली. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, मुठीत मावतील एवढे जीव.

मी नागपूरहून नवीनच आलेली. एक मूल वाढवलं होतं, म्हणून मला सगळं येतं असा माझा समज. चहावाल्याकडून दूध आणलं, एका पिल्लाला बाळासारखं मांडीवर उताणं घेतलं आणि कापसाने पाजायला लागले. दूध त्याच्या नाकातून बाहेर आलं.

"काय करून राहिल्या बाई? मारता का त्याले?"

मागे बडे बाबू उभे होते, आमचे हेडक्लार्क. रेल्वेच्या नोकरीपायी तीन पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं वऱ्हाडी घराणं त्यांचं. टाचणी तिरकी लागली तरी फाईल परत करायचे. मला हा माणूस मुळीच आवडत नसे, आणि हे मी लपवतही नसे.

"मांजराचं पोट्टं उताणं पेते का कधी?" त्यांनी पिल्लू घेतलं आणि सरळ स्वेटरच्या आत टाकलं. "आधी ऊब, मग दूध. थंड्या पोटात दूध जिरत नाही."

दुसऱ्या दिवसापासून ते घरून बकरीचं दूध आणायला लागले. औषधाचा ड्रॉपर, खोक्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, आणि दर दोन-तीन तासांनी काम बाजूला; रात्री खोकं त्यांच्याच घरी. पिल्लाला पालथं धरायचे, तोंड जरासं वर, एकेक थेंब. मग कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच चोळायचे. मांजर हेच काम जिभेने करते, नाहीतर इतकी लहान पिल्लं मुतूच शकत नाहीत, हे मला त्यांनी सांगितलं होतं. चांगलं दोनदा सांगितलं होतं.

रविवारच्या सुट्टीपुरती मी हौसेने पिल्लं माझ्या घरी नेली. पाजलं भरपूर. चोळायची मात्र मला किळस आली. दोघांचं कसंबसं उरकलं, आणि सगळ्यात लहान होती ती झोपली आहे म्हणून तिला तशीच सोडली.

सोमवारी सकाळी तिचं पोट टणक फुगलेलं. ना ओरडत होती, ना तोंड उघडत होती. मी खरं काय ते सांगून टाकलं. लाज वाटत होती, रडूही येत होतं. बडे बाबूंनी पाणी कोमट करून मागवलं आणि तिला तळहातावर घेऊन बसले. थोडं चोळायचं, पोटावर बोट टेकून बघायचं, पुन्हा चोळायचं. अर्धा तास झाला. काही नाही.

तेवढ्यात मोठे साहेब आले. आम्ही सगळे ताडकन उभे राहिलो. एरवी कोटाचं बटण लावत सगळ्यांत आधी उठणारे बडे बाबू. मी उठायला उशीर केला म्हणून मला दोनदा झापलेले बडे बाबू. ते बसूनच होते.

"बडे बाबू, तबीयत तो ठीक है?"

"हमारी ठीक है साहब. इसकी नहीं है. अभी हाथ हटाया तो मर जाएगी."

त्यांनी मानसुद्धा वर केली नव्हती. साहेब पुढे आले, टेबलावर वाकले आणि बघत राहिले. कापूस तसाच फिरत होता, ना घाईने ना जोराने. आणि मग तळहातावर पिवळे थेंब आले. एक, दोन, मग धार लागली.

"हो गया साहब," बडे बाबू म्हणाले आणि उठले. पिल्लू माझ्या हातात दिलं. "बसा बाई. अजून आहे तिच्या पोटात."

साहेब समोर उभे होते. मी बसले आणि कापूस घेतला. दुपारी त्या पोट्टीने ड्रॉपरचं टोक तोंडात असं धरून ठेवलं, की ते सोडवायला बडे बाबूंना बोलवावं लागलं.