मी ‘सुरक्षित’ ठरवलेली मुलगी

"यात मरायचा शब्द कुठाय? दाखव ना."

टीम लीडरनं माझी पोस्ट पडद्यावर लावली होती. माझी म्हणजे मी तपासलेली. रबाळ्याच्या आमच्या ऑफिसात हे रोज सकाळचं. लोक सोशल मीडियावर लिहितात ते आम्ही वाचायचं, लिहिणारा जिवाचं बरंवाईट करेल का ते ओळखायचं आणि ‘सुरक्षित’ नाहीतर ‘धोका’ दाबायचं. धोका दाबलं तरच वरचे लोक त्या माणसाला मदत पाठवतात. ज्याचं बटण चुकलं, त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून ती पोस्ट मोठ्यानं वाचायची.

मी वाचली. कुणा मुलीनं लिहिलं होतं, "माझे ड्रेस आता धाकटीला द्या." मी धोका दाबला होता.

"नियमात नाय बसत," तो म्हणाला. मग हसला. "तुमच्या लोकांना ना, सगळीकडे अन्यायच दिसतो. घरावर निळा झेंडा असेल ना?"

सगळे हसले. मीपण हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते. माझ्या बापानं मराठवाड्यातून येऊन कामोठ्यात विटा वाहिल्या, पण स्वतःच्या अपमानावर तो कधी हसला नाही.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मुलीची पोस्ट आली. "माझी मांजर कोणी सांभाळाल का? ती माझ्याच हातून खाते. मला आता नाही जमणार." मला कळलं होतं. पक्कं कळलं होतं. तरी परत उभं राहावं लागेल म्हणून मी ‘सुरक्षित’ दाबलं. स्वतःची लाज राखली आणि त्या मुलीला सोडून दिलं.

सकाळी तीच पोस्ट पडद्यावर. "बघा, शिकली शेवटी!" टाळ्या पडल्या.

टोमण्यानं झालं नव्हतं ते त्या टाळ्यांनी झालं. मी उठले.

"सर, ती मी घाबरून पास केली. परत उघडा."

"बंद झालेली उघडत नाय. बस खाली."

"नाय बसणार. तुमी आधी वर फोन लावा."

त्यानं लावला नाही. ती मुलगी आहे की गेली, मला ठाऊक नाही. आमच्यापर्यंत नाव येत नाही, गाव येत नाही. माफी मागायची तरी कुणाकडे? आणि मिळावी असं मी काही केलेलंही नाही.

आता शब्द नियमात असो नसो, धोका दिसला की मी धोकाच दाबते. तो मला उभं करतो. मी वाचते. कुणी हसलं की थांबते, त्याच्याकडे बघते आणि पहिल्यापासून वाचते. काढायचं तर काढा कामावरून. भीतीपोटी मी आता एकही माणूस सोडणार नाही.