संस्थान नव्हे, संस्था

"हात!" एवढंच म्हणून नर्सबाई दवाखान्याच्या दारात आडव्या उभ्या राहायच्या. तळहात उलटसुलट बघायच्या आणि बहुधा साबणाकडे परत धाडायच्या. तुमच्याही ओळखीत असं माणूस असेल, ज्याचं म्हणणं खरं असतं आणि तरीही जे डोकं उठवतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सुट्टीत गावी आलो की बाई मला गाठायच्या. "तुम्ही शिकता आहात. लोकांना सांगा, मी एकटी नाही. मुंबईत आम्हा नर्सांची संस्था आहे."

पण गावाला संस्था कुठली ठाऊक? खाडीपलीकडे राजाचं संस्थान होतं. गावाने तेच धरलं. "तिच्या वाटंला जाऊ नको रं, संस्थानची बाय हाय ती!" बाई भर रस्त्यात थांबून दुरुस्त करायच्या, "संस्थान नव्हे, संस्था!"

मी वैतागून म्हटलं, "राहू द्या ना बाई. त्या धाकाने तरी लोक हात धुतात."

"आणि मी गेल्यावर?"

मी बोटीची वेळ झाल्याचं सांगून सटकलो.

वहिनीचं पहिलं मूल धनुर्वाताने गेलं होतं. सुइणीने नाळ विळ्याने कापली होती. दुसऱ्या खेपेला वहिनी हट्टाने दवाखान्यात गेली. मागोमाग आई त्याच सुइणीला घेऊन हजर. विळाही तोच. बाईंनी दार अडवलं. "आमची सुईण काय वाघीण हाय? घ्या की आत!" म्हणत आईने खोतांना बोलावून आणलं. दवाखान्याच्या कमिटीचे ते अध्यक्ष.

"सुइणीला आत घ्या," खोत म्हणाले.

"विळा उकळल्याशिवाय नाही."

"कोणाच्या जोरावर बोलता?"

"संस्थेच्या."

खोतांची नारळाची वाडी खाडीपलीकडे, संस्थानात. त्यांचा आवाज एकदम उतरला. "संस्थान कशाला मधे आणता, बाई?" म्हणत ते पायऱ्या उतरू लागले. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात पाठीमागून आलंच,

"संस्थान नव्हे, संस्था!"

मी कपाळाला हात लावला. खोत परत वळले. "म्हणजे नुसत्या बायकांची मंडळी? उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या," म्हणून बाईंनी आतून कडी लावली. संध्याकाळी मुलगी झाली. ती जगली.

बाईंना काढल्याचा निरोप मीच मुंबईला नेला आणि संस्थेत चाचरत सांगितला. पुढल्याच आठवड्यात तिथल्या दोघीजणी बोटीने आल्या. कमिटीसमोर बसून त्यांनी शांतपणे सांगितलं, "या बाईंना काढलंत, तर आमची दुसरी नर्स इथे येणार नाही. आणि हत्यारं उकळायची सोय दवाखान्यानेच करायची." खोतांनी बाईंना परत घेतलं.

"पाहिलंत? संस्था!" बाई मला म्हणाल्या. त्यानंतर भेटतील तेव्हा म्हणायच्या. मी पुन्हा वैतागलो.

पुढे त्यांची बदली झाली. या दिवाळीत वहिनीचं नवं बाळ बघायला मी बोटीवरून तसाच धावत आलो. घराच्या दारात दवाखान्यात जन्मलेली ती मुलगी, आता मोठी झालेली, आडवी उभी.

"हात!"

"कोणाचा हुकूम गं?"

"संस्थानचा!"

दुरुस्त करायला बाई नव्हत्या. "संस्थान नव्हे गं, संस्था," मीच म्हणालो आणि साबण शोधायला मागल्या दारी गेलो.