घरात विचारून सांगते

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण ह्यांचा फोन मी अजून बंद केलेला नाही. पुण्याचा मुलगा अधूनमधून विचारतो, "आई, तो नंबर कशाला चालू ठेवलायस?" मी सांगते, बँकेचे ओटीपी येतात. ओटीपी यायचे केव्हाच थांबलेत. पण सकाळी दोन फोन चार्जिंगला लावायची सवय आहे, आणि एकटीच्या घरात सवयी मोडायची मला काही घाई नाही.

या उन्हाळ्यात एका सकाळी तो फोन वाजला. नांदेडच्या आमच्या घरात ती रिंग इतक्या दिवसांनी ऐकली आणि माझ्या हातातली गाळणी बेसिनमध्ये पडली. लातूरहून एक डाळमिलवाले बोलत होते. "साहेब हायेत का? त्यांनी सांगून ठेवलं होतं, गाडी काढायची झाली तर आधी मला कळवा. आता शेड पाडून क्लासच्या पोरांसाठी हॉस्टेल बांधायलोत. गाडी काढावी लागतीय."

साहेब नाहीत, एवढंच सांगायचं होतं. पण तो माणूस 'साहेब हायेत का' इतकं सहज म्हणाला, की मला ते सांगवेना. "मी येऊन बघते," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या गाडीचं मला अगदीच माहीत नव्हतं असं नाही. हे विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शिकवायचे. लातूरला नणंदेकडे गेलो की जेवणं झाल्याबरोबर "जरा मार्केटला जाऊन येतो" म्हणून निघायचे आणि हात हलवत परत यायचे. खिशातला रुमाल तेवढा तांबडा झालेला असायचा. गंजाचा डाग कितीही घासला तरी निघत नाही, आणि मी घासता घासता तोंडसुख घ्यायचे. एकदा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "दोनच सीटची गाडी कशी वाटते गं तुला?" मी म्हणाले, "आणि तिसऱ्यानं कुठं बसायचं, बोनेटवर?" ते हसले, विषय संपला. आमच्याकडे गाडी म्हटली की पहिला प्रश्न 'किती माणसं बसतात' हाच असतो. मी वेगळं काय विचारलं?

एसटीनं लातूरला गेले. मिलच्या मागच्या शेडमध्ये तुरीच्या भुश्शाखाली ती उभी होती. छप्पर नाही, रंग कधीकाळी लाल असावा, दारं खालून गंजानं खाल्लेली, हेडलाइट एकच. मागच्या बाजूला मांजरीनं बिऱ्हाड केलं होतं. मिलवाल्यांच्या आजोबांनी ती हौसेनं हैदराबादहून आणली होती म्हणे. मला हसू आलं आणि लगेच ह्यांचा रागही आला. ह्या खोक्यासाठी एवढ्या रुमालांची वाट लावली होती!

"साहेब न्हाई आले? लई दिवस झाले, इकडं फिरकलेच न्हाईत," मिलवाल्यांनी विचारलं. माझ्याच वयाचा माणूस, पांढऱ्या शर्टावर पिठासारखी धूळ.

"त्यांना नाही जमलं," मी म्हणाले. खोटं काहीच बोलले नव्हते.

त्यांनी दोन चहा मागवले. गाडी कशी होती, आजोबा तीत बसून कसे मिरवायचे, सगळं सांगितलं. मी निघताना म्हणाले, "घरात विचारून सांगते." साडी असो, फ्रीज असो, आपण दुकानातून पाय काढताना हेच म्हणतो. समोरच्यालाही त्याचा अर्थ कळतो.

ते मोठ्यानं हसले. "साहेब बी हेच म्हणतेत. दर टायमाला. घरात विचारून सांगतो. म्या म्हणलं, बाईसाहेब लई कडक हायेत वाटतं. तुम्ही तर बऱ्या हाव."

मला त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. त्या बोनेटवरच्या उत्तरानंतर तर नाहीच.

"बसतेत इकडं, स्टेरिंगला," मिलवाले सांगत होते, "अन् शेजारच्या सीटवरली धूळ रुमालानं पुसतेत. म्या म्हणलं, साहेब, कोण बसायलंय तिथं? तर नुसते हसतेत."

मी घाईनं रिक्षा केली आणि स्टँड येईपर्यंत पदर डोळ्यांना लावून बसले.

त्यानंतर मी पुन्हा लातूरला गेले, आणि आणखी एकदा. नणंदेला दर वेळी काहीतरी कारण सांगितलं. गाडी बघायला जातेय असं मी स्वतःला समजावत होते, पण गाडीकडे माझं फारसं लक्ष नसे. सगळ्या नात्यागोत्यात ह्यांचं नाव निघालं की माणसं आवाज उतरवतात. तिथे मात्र ते जणू पान खायला कोपऱ्यावर गेले होते. "साहेबांना बिनसाखरेचा लागतो, तुम्हाला?" एवढं ऐकायला मी तीन तास एसटीत हाडं खिळखिळी करून घेत होते. गाडी घेतली तर हे संपणार होतं. नको म्हणाले तर कारण सांगावं लागणार होतं, मग तेही संपणार होतं. म्हणून मी दर वेळी तेच म्हणायचे, घरात विचारून सांगते.

घरी मात्र मी खरंच विचारायचे. पोळ्या लाटताना, मोठ्यानं. आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याला फोटो दाखवला, तो म्हणाला, इंजिन जमेल, पण पत्रा सगळा नव्यानं ठोकावा लागेल, वर्षभर रोज ठोकाठोकी. तेही मी ह्यांना सांगितलं. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "गाडीच हवी तर साधी ऑटोमॅटिक घे ना. हिचं तू करणार काय?" त्याचं बरोबर होतं. पण वर्षभर पोर्चमध्ये कुणीतरी ठोकत असेल, दहा वाजता दोन कप चहा टाकावा लागेल, हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

मग शेड पाडायची वेळ आली. भंगारवाला रविवारी येणार होता. शनिवारी सकाळी ह्यांचा फोन वाजला.

"ताई, काय ठरलं? साहेब काय म्हणले?"

मला धीर झाला नाही. "नको म्हणतात," मी म्हणाले.

पलीकडे मिल चालू होती.

"साहेब नको म्हणणार न्हाईत, ताई."

घरातल्या कुणालाही ठाऊक नव्हतं ते या माणसाला ठाऊक होतं. मग मी सांगितलं. साहेब गेले, दोन वर्षं झाली, झोपेतच गेले. मिलवाल्यांनी कुणाला तरी मशीन बंद करायला सांगितलं. सगळं शांत झाल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "मग इतके दिवस घरात कुणाला विचारायलाव?"

"त्यांनाच," मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना. एका परक्या माणसासमोर, फोनवर, मी हुंदके देऊन रडले. त्यांनी फोन ठेवला नाही.

"मग? काय म्हणतेत?"

"त्यांचं कधीचंच हो आहे. मला विचारायचं तेवढं राहून गेलं."

"मग म्या विचारतो," ते म्हणाले. "पाठवू का गाडी?"

मी पोर्चकडे पाहिलं. माझी स्कूटी एका कडेला उभी होती, बाकी सगळी जागा मोकळी होती.

"पाठवा," मी म्हणाले. "पण दिवसा पाठवा. घरी मी एकटीच असते."