भूकंपमापकावरची रेघ

मित्रांनो, जुन्या स्पीकरचं लोहचुंबक, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक स्प्रिंग जोडून मी रनाळ्याच्या आमच्या घरी भूकंपमापक बनवलंय.

आज दुपारी त्याला जोडलेल्या लॅपटॉपवरची रेघ एकदम उसळली. मी बोंबललो, "भूकंप! बाहेर पळा!" वहिनी तान्ह्या लेकीला छातीशी धरून अंगणात धावली. शेजारीही धावले.

तेवढ्यात बाजूच्या खोलीतून काका डोकावले, अंगभर कापूस. "आरे, आम्ही कापूस तुडवी ऱ्हायनूत, भूकंप कसाना?" खोलीत जास्त मावावा म्हणून ते आणि बाबा ढिगावर उड्या मारत होते.

सगळे हसले. वहिनी तेवढी हसली नाही.

आता घरचे सगळे आत जेवायला बसलेत, काका-बाबाही. कापसाच्या खोलीला बाहेरून कडी आहे. आणि रेघ पुन्हा थरथरतेय.

तुम्हीच सांगा, ओरडू का?