जुन्या गठ्ठ्यांचे साहेब

चूक सापडली की लॉटरी लागल्यासारखा नाचणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझे पहिले साहेब. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात संगणक आला, आणि घरातला पहिला पदवीधर म्हणून छाती काढून मी त्यांच्या हाताखाली रुजू झालो. तेव्हा प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. बदल केला की नवा गठ्ठा तयार व्हायचा आणि जुना रद्दीत जायचा. साहेब मात्र प्रत्येक जुना गठ्ठा बुटांच्या खोक्यात जपत. "खोक्यांपायी घरातले बूट उघड्यावर आले," असं त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणायच्या. काहीही बिघडलं तरी साहेबांचा प्रश्न एकच, "शेवटचं नीट कधी होतं?" खाणावळीतली आमटी खारट झाली तेव्हा त्यांनी मावशींना विचारलं, "सोमवारपर्यंत बरी होती. मंगळवारी काय बदललंत?" मावशी म्हणाल्या, "सून आली नव्हं! आता तिला बदलू व्हय?"

त्या जानेवारीत संगणकातून ऊसतोडणीच्या पाळ्यांची यादी भलतीच निघाली. एक शेतकरी तुरा आलेला ऊस खांद्यावर टाकूनच आमच्या खिडकीशी आला. "आवं सायेब, ऊस वाळाय लागला, आन् तुमचं यंत्र म्हणतंय अजून कवळा हाय! माजी पाळी कवा?" शेवटचा बदल मी केलेला. शेती अधिकारी गरजले, "या पोराला उद्यापासून घरी बसवा!" माझ्या नोकरीचे पेढे आईनं गावभर वाटले होते.

साहेबांचा चेहरा मात्र लग्नघरासारखा उजळला. खोकी आली. तारखेनं लावलेल्या गठ्ठ्यांतला नेमका मधला त्यांनी यंत्राला दिला. यादी बरोबर आली. म्हणजे चूक त्यानंतरची. उरलेल्यांतला पुन्हा मधला घेतला, तर यादी चुकीची. "तू सुटलास गड्या," ते मला म्हणाले, "तुझ्या आधीच बिघडलंय!" असं निम्मं निम्मं करत शेजारचे दोनच गठ्ठे उरले, एक शहाणा आणि एक बिघडलेला. फरक एकाच कार्डाचा. ते पाहून साहेबांनी टाळी वाजवली, "सापडली! आणि माझीच आहे!" काम सोपं व्हावं म्हणून त्यांनी लागणीचं साल वाचणं बंद केलं होतं. त्यामुळे यंत्र सगळा ऊस गेल्याच वर्षी लावलेला धरत होतं, आणि अठरा महिन्यांचा आडसाली ऊस सहा महिन्यांचा ठरून यादीच्या तळाला जात होता.

ते कार्ड बदलून काढलेली नवी यादी हातात नाचवत ते अधिकाऱ्यांकडे धावले. "चूक माझी, पोरगं निर्दोष!" हे त्यांनी इतक्या आनंदानं सांगितलं, की रागवायचं कुणाला सुचलंच नाही. शेतकऱ्याची पाळी दुसऱ्याच दिवशी लागली. जाताना तो म्हणाला, "सोताची चूक अशी मिरवत आणनारा सायेब लय दिसात बगितला न्हाई."

साहेब आता नाहीत. माझं काही बिघडलं की मीही मागं जात जात नीट कधी होतं ते शोधतो. बहुतेक वेळा त्या खोक्यांच्या पसाऱ्यात, त्यांच्या टाळीपाशी येऊन थांबतो. तिथवर सगळं बरोबर असतं.